मतदारयादी कुणाच्या हाती?

मत द्यायला गेलेल्या माणसाला केंद्रावर आधी नाव विचारतात. मत कुणाला देणार, हे कोणी विचारीत नाही. पण यादीत नाव सापडले नाही तर आल्या वाटेने परत जावे लागते. बोटाची शाई आणि पेटी या पुढच्या गोष्टी. तेव्हा निवडणूक म्हणजे मतदानाचा दिवस, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. निवडणूक सुरू होते ती कोणी एक कारकून वही घेऊन दारात उभा राहतो तेव्हा. हा वहीवाला कुणाच्या हुकुमातला असावा, यावर आपल्या घटनासमितीत मोठी चर्चा झाली. तिची हकिगत ऐकण्याजोगी आहे.

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न फारसा उठला नाही. १९३५ च्या कायद्याने मताधिकार दिला तो मालमत्ता, कर, शिक्षण असल्या कसोट्या लावून. बहुसंख्य लोक दाराबाहेरच राहिले. स्वातंत्र्यानंतर सर्व प्रौढांना मत द्यायचे ठरले आणि घटना पुरी होण्याची वाट न पाहता १९४८ सालीच याद्यांचे काम सुरू झाले. पण ते दिवस फाळणीचे. लाखो निर्वासित छावण्यांत पडलेले. अमुक दिवस एका ठिकाणी राहिल्याचा पुरावा त्यांनी आणावा कोठून? शेवटी, येथेच राहण्याचा आमचा इरादा आहे असे त्यांनी सांगितले की नाव घ्यावे, अशी वाट काढण्यात आली. तरीही कोठे कोठे प्रांतिक कारभार बाहेरून आलेल्यांची नावे घेण्यास नाखूष आहे, अशा तक्रारी दिल्लीला पोचू लागल्या.

या तक्रारींनी घटनेचा मसुदाच फिरवला. मूळ मसुद्यात प्रत्येक राज्याच्या निवडणुकीसाठी वेगळा आयोग होता. १५ जून १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी ते कलम बदलून मागितले. आपण मोठा बदल करीत आहोत हे त्यांनी लपवले नाही. वंशाने, भाषेने, संस्कृतीने जे आपले नव्हेत त्यांना यादीबाहेर ठेवण्याचा प्रकार काही प्रांतांत चालला आहे, तेव्हा साऱ्या देशाला एकच आयोग हवा, असे त्यांचे म्हणणे पडले. पंडित हृदयनाथ कुंझरूंना हे मानवेना. राज्यांवर इतका अविश्वास का, हा एक आक्षेप. आणि दुसरा त्याहून बोचरा: हे आयुक्त नेमणार राष्ट्रपती, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळच, मग स्वातंत्र्य उरले कोठे? आंबेडकरांनी येथे वकिली केली नाही. मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या ओंजळीने पाणी पिणारा माणूस त्या जागी येणारच नाही अशी तजवीज घटनेत नाही, हे त्यांनी सरळ कबूल केले. ते कोडे संसदेवर सोपवले गेले. संसदेने नेमणुकीच्या पद्धतीचा कायदा केला तो २०२३ साली, तोही सर्वोच्च न्यायालयाने हा विषय हाती घेतल्यानंतर. त्याने कोडे सुटले असे मला वाटत नाही, पण तो वेगळा विषय.

आता या आयोगाचे सामर्थ्य बघा. पदरी माणसे मूठभर. ३२४ व्या कलमाने त्याला एक अजब अधिकार दिला: मागेल तो नोकरवर्ग राष्ट्रपतींनी व राज्यपालांनी द्यायचा. म्हणजे कलेक्टर, मामलेदार, तलाठी, शाळामास्तर सारे उसने. पगार सरकारचा, हुकूम आयोगाचा! पहिले मुख्य आयुक्त सुकुमार सेन बंगालचे सनदी अधिकारी. १९५० च्या मार्चमध्ये त्यांनी सूत्रे घेतली. मतदार १७ कोटींहून अधिक, आणि त्यांतले बहुतेक निरक्षर. म्हणून दर उमेदवाराला चिन्ह आणि त्या चिन्हाची वेगळी पेटी. लोखंडी पेट्यांपैकी कितीतरी आपल्या मुंबईत, विक्रोळीला घडल्या. हिमाचलातील चिनी तालुक्यात बर्फ पडण्याआधी, १९५१ च्या ऑक्टोबरातच मते पडली. इतरत्र बहुतेक ठिकाणी नंतर, १९५२ च्या आरंभी.

पण सेन यांची खरी परीक्षा पेट्यांत नव्हती, यादीतच होती. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान या बाजूला वहीवाला दारात गेला की बाई आपले नाव सांगेना. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. आपल्याकडे नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागतो. तिकडे परक्यापुढे स्वतःचे नाव उच्चारायचीच चोरी. कारकुनांनीही तसेच लिहून घेतले. सेन यांनी हुकूम सोडला: नाव हवे, नाते चालणार नाही. मुदतही वाढवून दिली. तरी सुमारे २८ लाख बायका नाव न सांगितल्याने यादीतून गळल्या.

यात चुकले कोणाचे? कित्येकांना सेन निष्ठुर वाटले. ज्या बायांना चार शहाण्या शब्दांनी समजावायचे, त्यांचेच मत बुडाले, हे खरे आणि त्याची हळहळ वाटतेच. पण ‘तमक्याची बायको’ म्हणून मत द्यायला कोणतीही बाई उभी करता आली असती. शिवाय नवऱ्याच्या आधाराने मिळालेले मत तिचे स्वतःचे कितपत? मी सेन यांच्या बाजूने कौल देईन, थोड्या जड मनाने. १९५७ च्या निवडणुकीपर्यंत स्त्रियांच्या नोंदणीत पुष्कळ सुधारणा झाली होती.

ज्या आंबेडकरांनी ही यंत्रणा एकछत्री केली, ते त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून हरले.

राज्यांचा वेगळा आयोग मात्र कायमचा गेला नाही. १९९३ साली ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगांकडे गेल्या. महाराष्ट्राचा आयोग १९९४ चा. आयुक्त नेमतात राज्यपाल, पण त्याला काढायचे तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागू असलेल्या रीतीनेच. या आयोगाचे नोकरही उसने आणि, गंमत म्हणजे, यादीही उसनी. विधानसभेची यादी घ्यायची आणि प्रभागवार फोडायची. त्यामुळे पालिकेच्या मतदानाला गेलात आणि नाव सापडले नाही, तर राज्य आयोगाशी भांडून उपयोग नाही. नाव घालण्याचा अर्ज आधीच, विधानसभेच्या यादीसाठी करावा लागतो.