तीस तास आणि एक केस

डॉक्टरचं शिक्षण पदवीबरोबर संपतं, असाच कायद्याचा बराच काळ समज होता. मुंबई इलाख्यात १९१२ साली बॉम्बे मेडिकल ॲक्ट आला आणि डॉक्टरांची सरकारमान्य नोंदवही सुरू झाली. राज्य झाल्यावर विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचे वेगवेगळे नियम एकत्र करून १९६५ चा महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम झाला. चिंचपोकळीच्या साने गुरुजी मार्गावरच्या कार्यालयातून चालणारी ही परिषद, डॉक्टरांच्या बोलण्यातली ‘एमएमसी’, नाव नोंदवायची, तक्रारी ऐकायची, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायची. डॉक्टर अजून वाचतो का, शिकतो का, हा प्रश्न त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेला होता.

हा प्रश्न कागदावर आला २००२ साली. भारतीय वैद्यक परिषदेने व्यावसायिक आचारसंहितेचे नियम काढले आणि त्यात एक कलम घातलं: पाच वर्षांत किमान तीस तास डॉक्टरने शैक्षणिक कार्यक्रमांना हजर राहावं. महाराष्ट्रात पुढे हे तास क्रेडिट पॉइंटच्या रूपाने नूतनीकरणाला जोडले गेले. वर्षाला सहा तास. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला हा एका रविवारचा मामला. तीस तासांचं खरं वजन कळतं ते इंदापुरात.

इंदापूर पुण्यापासून सोलापूर रस्त्याने सुमारे एकशे चाळीस किलोमीटर, बारामती शंभर. अंतर फार नाही, पण तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ एखाद-दुसराच असतो. तो रविवारी पुण्याला कॉन्फरन्सला गेला की त्या दिवशीचं सिझेरियन कुठे करायचं, हा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञाला पडतो. बालरोगतज्ज्ञाच्या काचेच्या पेटीत कमी दिवसांचं बाळ असेल तर त्याचा पाय निघत नाही. म्हणून तालुक्याची सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचा कार्यक्रम, रात्रीची. ओपीडी उरकून साडेनऊला हॉटेलच्या हॉलमध्ये जमायचं, दारात रजिस्टरवर सही, पुण्याहून आलेले वक्ते आणि त्यांच्या स्लाइड्स, मागच्या रांगेत औषध कंपनीचे एमआर, कोपऱ्यात परिषदेचा निरीक्षक. भाषण लांबलं की नजरा जेवणाच्या टेबलाकडे वळायच्या. थट्टा सोपी आहे, पण त्या जेवणात जे बोलणं व्हायचं त्याची किंमत कुठल्याच पॉइंटमध्ये मोजलेली नाही. ‘परवा एक पेशंट आला होता, मला काही कळेना’ हे वाक्य डॉक्टर माइकवर बोलत नाही, ताट हातात असताना बोलतो.

तंत्रज्ञानाने अंतर कापण्याचं स्वप्न बारामतीला नवं नव्हतं. विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेत २००१ सालीच संगणक आणि ग्रामविकास या विषयावर परिषद भरली होती. २००४ च्या सप्टेंबरात इस्रोने खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला. पण उपग्रहाला तबकडी लागते, तबकडीला खोली आणि खोलीला माणूस. तालुक्याच्या खासगी डॉक्टरच्या टेबलापर्यंत ते पोचणं अवघडच होतं. स्वस्त मोबाइल डेटा आल्यावर हे कोडं जवळजवळ आपोआप सुटलं आणि २०२० साली करोनाच्या साथीने हे सुटलेलं कोडं वापरायची सक्ती केली.

२५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातही दूरस्थ उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी एका ऑनलाइन अभ्यासक्रमाची तरतूद होती, म्हणजे ऑनलाइन उपचार करायचे तर ऑनलाइन शिकाही. बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्याच वर्षी आपलं डिजिटल व्यासपीठ उघडलं. राज्याने डॉ. संजय ओक यांच्या नेतृत्वाखाली टास्क फोर्स नेमला. ५ सप्टेंबर २०२१ ला ‘माझा डॉक्टर’ नावाची राज्यव्यापी ऑनलाइन परिषदच झाली. मधल्या काळात म्युकरमायकोसिस आला. पुस्तकात क्वचित दिसणारी ही काळी बुरशी दुसऱ्या लाटेत गावोगाव दिसू लागली. कान-नाक-घसा, डोळे, दात, फिजिशियन अशा चार-पाच शाखांनी एकाच वेळी एकच आजार शिकायचा होता, तोही आठवड्याभरात. छापील जर्नलचा वेग तिथे कामाचा नव्हता. तालुक्याच्या ईएनटी सर्जनने नाकातली काळी खपली कशी दिसते हे प्रथम पाहिलं ते बहुधा मोबाइलच्या पडद्यावर.

साथ ओसरली, वेबिनार राहिले. ते ऐकण्याची पद्धतही ठरून गेली आहे. लिंक सकाळी व्हॉट्सॲपवर येते. रात्री नऊला डॉक्टर जॉइन होतो, माइक बंद, कॅमेरा बंद, फोन टेबलावर उभा, समोर पेशंट. मधूनच पडद्यावर प्रश्न उगवतो, ऐकताय ना हे तपासायला. पेशंटची नाडी बघता बघता ‘बी’वर बोट दाबलं जातं. शेवटी फीडबॅक फॉर्म, दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र. यातून कुणी काहीच शिकत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. रक्तदाबाची नवी मार्गदर्शक सूत्रं, प्रतिजैविकांचे बदललेले डोस हे ऐकूनही कळतं. पण ऐकणाऱ्याचा पेशंट या सगळ्यात कुठेच नसतो. मोठ्या रुग्णालयाचा अनुभव पाइपातून तालुक्यात सोडला, एवढंच होतं.

उलट्या दिशेचा नमुना अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचा. भारतात शिकलेले डॉ. संजीव अरोरा तिथे यकृततज्ज्ञ होते आणि हिपॅटायटिस-सीचे पेशंट त्यांच्याकडे मैलोन्‌मैल गाडी हाकत यायचे. २००३ साली त्यांनी ‘इको’ सुरू केलं. भाषण थोडं, केस जास्त. गावचा डॉक्टर आपला पेशंट मांडणार, तज्ज्ञ आणि इतर गावचे डॉक्टर त्यावर बोलणार, उपचार मात्र गावातच होणार. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये त्यांनी दाखवून दिलं की या गावच्या डॉक्टरांचे निकाल विद्यापीठाच्या क्लिनिकइतकेच चांगले आहेत. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं आणि त्याचा ‘व्हर्च्युअल ट्यूमर बोर्ड’ याच वाटेने चालतो. लहान केंद्रातला डॉक्टर पेशंटची माहिती आधी पाठवतो, मग सर्जन, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून त्या एका माणसाबद्दल बोलतात. त्यासाठी मांडणाऱ्याला आपल्या फाइली नीट लावाव्या लागतात, काय कळलं नाही ते नेमकं लिहावं लागतं. माझ्या मते अर्धं शिक्षण तिथेच होतं.

शिवाय सगळं ज्ञान वरूनच खाली येतं, हे महाराष्ट्राने तरी मानू नये. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपाय महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी शोधला आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. दंशाने होणारे मृत्यू चाळीस टक्क्यांच्या घरातून जवळजवळ एका टक्क्यावर आले. सर्पदंशावर वर्षानुवर्षं काम करणारे डॉ. सदानंद राऊत याच पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचे. विंचू आणि साप मुंबईच्या कॉलेजात येत नाहीत, ते तालुक्यातच चावतात.

बारामती-इंदापुरात तर नीरा डाव्या कालव्याखाली आणि उजनीच्या काठाने ऊसच ऊस. हंगामात ऊसतोड कामगार फडाशेजारी कोप्या, म्हणजे झोपड्या, टाकून जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री चावते आणि दाताची खूण बहुतेकदा सापडत नाही. माणूस पहाटे पोटदुखी म्हणून येतो, तपासावं तर पोट मऊ. तासाभरात पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास. प्रतिविष द्यावंच लागतं, पण मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोकं एकदा निकामी केली की नुसत्या प्रतिविषाने भागत नाही, व्हेंटिलेटरवर वाट बघावी लागते. पहाटेची पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या यांची सांगड ज्याने एकदा स्वतः घातली आहे, तो डॉक्टर या विषयावर वक्ता म्हणून बसायला हवा, श्रोता म्हणून नव्हे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यात २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे. अशा डॉक्टरांना माइकसमोर आणल्याशिवाय ते कसं जमणार, हे आराखड्याच्या भाषेतून मला उमगत नाही.

बारामतीकडे आता यासाठी जागाही आहे. २०१९ साली शंभर जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. प्राध्यापक गावात आले, विभाग आले. आठवड्याला एक तास, एक केस, इंदापूर, भिगवण, वालचंदनगरचे डॉक्टर पडद्यावर आणि कॉलेजचे सभागृहात, याला उपग्रह लागत नाही की हॉटेल.

अडचण वेगळीच आहे. पॉइंट वेळेचे मिळतात, प्रश्नाचे नाहीत. आणि खर्च कोण करतो हा जुना प्रश्न ऑनलाइनने पुसला नाही, फक्त जेवणाच्या टेबलावरून स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या लोगोत नेला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे आचारनियम काढले. औषध कंपन्यांच्या पैशावरच्या कार्यक्रमांना डॉक्टरांनी जाऊ नये, असा कडक मजकूर त्यात होता. संघटनांनी ओरड केली आणि तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, नियम स्थगित झाले. मार्च २०२४ मध्ये औषध विक्रीची संहिता आली, ती कंपन्यांना बांधते. डॉक्टरांसाठी २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. त्यामुळे बारामतीच्या भिगवण रोडवर काय किंवा इंदापुरात काय, नूतनीकरणाचं वर्ष उजाडलं की डॉक्टर आधी पॉइंट मोजतो, कमी पडले की ग्रुपवर विचारतो, ‘या आठवड्यात कुणाची लिंक आहे का?’