तापाचा माग : पुणे परिसरातील रोगशोधाचा इतिहास

पुणे जिल्ह्याला साथीचे रुग्ण शोधण्याचा दीर्घ आणि काही अंशी कटू इतिहास आहे. 1897 च्या प्लेगात ब्रिटिश प्लेग अधिकारी रँड याच्या अधिपत्याखाली गोऱ्या सैनिकांनी पुण्यातील घरांची झडती घेतली, तेव्हा सक्ती हेच शोधाचे साधन होते, आणि त्यातून उसळलेला संताप 22 जूनला रँडवर झालेल्या गोळीबारापर्यंत गेला. 1952 मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, स्थापन झाल्यावर हा शोध प्रयोगशाळेकडे वळला. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यातच नोंदला गेला. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका तापमापक आणि ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखवणारे यंत्र, घेऊन राज्यभर दारोदार फिरल्या; त्यांच्या या श्रमांची नोंद इतिहासाने ठळकपणे घ्यायला हवी.

त्याच वर्षी जानेवारीत ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अमेरिकेतील पाच राज्यांतील फिटबिट हा मनगटी पट्टा वापरणाऱ्या 47,249 जणांच्या नोंदी तपासून असे दाखवले, की विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके आणि झोप यांतील वाढ लक्षात घेतल्यास फ्लूसदृश आजाराचा अंदाज अधिक अचूक होतो. अशा पट्ट्यातील हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहाचे चढउतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. परंतु ठोके मद्याने व मानसिक ताणानेही वाढत असल्यामुळे हा पट्टा शरीरातील बदल सांगतो, विषाणू ओळखत नाही. फ्लूचे निश्चित निदान आजही घशातील किंवा नाकातील स्रावाच्या तपासणीनेच होते.