मोबाइल फोनच्या बॅटरीची क्षमता वाढविण्याचे घरगुती उपाय

मोबाइल फोनच्या बॅटरीची क्षमता वाढविण्याचे घरगुती उपाय म्हणजे फोन एका चार्जिंगवर अधिक वेळ चालावा किंवा त्याची बॅटरी अधिक वर्षे टिकावी यासाठी वापरकर्ता स्वतः करीत असलेले उपाय होत. त्यांचे तीन प्रकार पडतात: विजेचा वापर कमी करणे, बॅटरीचा ऱ्हास मंदावणे आणि बाहेरून जादा ऊर्जासाठा जोडणे. बॅटरीची मूळ क्षमता तिच्यातील रासायनिक द्रव्यांच्या प्रमाणावर अवलंबून असते व ती कारखान्यातच ठरते. त्यामुळे कोणत्याही घरगुती उपायाने ती वाढत नाही; फक्त ती कमी होण्याचा वेग नियंत्रित करता येतो. नागपूरसारख्या उष्ण शहरांत हा वेग मुख्यतः तापमानामुळे वाढतो.

## पार्श्वभूमी

भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि तत्कालीन केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात झाला. त्या काळातील अनेक हँडसेटमध्ये निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या बॅटऱ्या असत. निकेल-कॅडमियम बॅटरी वारंवार अर्धवट वापरून चार्ज केल्यास तिची उपयुक्त क्षमता घटल्यासारखी दिसे. याला ‘स्मृती परिणाम’ म्हणतात. ‘बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये’ हा समज या बॅटऱ्यांच्या काळातील असून तो पुढेही टिकून राहिला.

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. या बॅटरीच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आजच्या जवळपास सर्व मोबाइल फोनमध्ये याच प्रकारची बॅटरी असते. तिच्यात स्मृती परिणाम जवळजवळ नसतो.

ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने बीएल-५सी या बॅटरीविषयी सूचना प्रसिद्ध केली. मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनविलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापण्याची शक्यता त्यात वर्तविली होती. नोकियाचे फोन भारतात मोठ्या प्रमाणावर वापरात असल्याने येथे या सूचनेमुळे घबराट पसरली.

## क्षमता आणि तिचे मोजमाप

बॅटरीची क्षमता सामान्यतः मिलिअँपिअर-तास या एककात छापलेली असते. साठवलेली ऊर्जा मात्र वॅट-तासांत मोजली जाते. अँपिअर-तासांतील क्षमतेला व्होल्टमधील विभवांतराने गुणले असता ती मिळते. बीएल-५सीची १,०२० मिलिअँपिअर-तासांची आवृत्ती ३.७ व्होल्टला सुमारे ३.८ वॅट-तास ऊर्जा साठवते. आजच्या ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या स्मार्टफोनमध्ये ही ऊर्जा सुमारे १९ वॅट-तास असते. त्यामुळे बॅटरी पाचपट मोठी होऊनही, मोठा पडदा, वेगवान प्रक्रियक आणि सततची इंटरनेट जोडणी यांमुळे फोन पूर्वीइतके दिवस चालत नाही.

क्षमतेत खरी वाढ विद्युत अग्रांचे पदार्थ बदलल्याने होते. ऋण अग्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता प्रतिग्रॅम ३७२ मिलिअँपिअर-तास आहे. सिलिकॉनची त्याच्या सुमारे दहापट आहे. २०२३ पासून बाजारात आलेल्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांमुळे त्याच आकाराच्या फोनमध्ये ६,००० मिलिअँपिअर-तास व त्याहून अधिक क्षमता देणे शक्य झाले. हा बदल घट तयार होतानाच करावा लागतो.

## ऱ्हासाची कारणे

चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन धन अग्राकडून ऋण अग्राकडे जातात व वापराच्या वेळी परत येतात. ऋण अग्राच्या पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर असतो. हा थर कालांतराने जाड होतो व काही लिथियम त्यात कायमचे अडकते. यामुळे क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढलेली बॅटरी १५ ते २० टक्के भार दाखवत असतानाही फोन अचानक बंद पडू शकतो.

ऱ्हासाची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत:

* उष्णता: तापमान वाढले की अनावश्यक रासायनिक अभिक्रिया वेगाने होतात.
* उच्च विभवांतर: बॅटरी दीर्घकाळ १०० टक्के भारावर राहणे.
* खोल विसर्जन: बॅटरी वारंवार शून्यापर्यंत नेणे व त्याच अवस्थेत ठेवून देणे.
* आवर्तने: प्रत्येक पूर्ण चार्ज-वापर आवर्तनामागे होणारी झीज. पूर्वीच्या अनेक फोनमध्ये ३०० ते ५०० आवर्तनांनंतर क्षमता सुमारे ८० टक्क्यांवर येई. अलीकडील काही फोनमध्ये ही संख्या ८०० ते १,००० आहे.

बॅटरी न वापरता ठेवली तरी तिचा ऱ्हास होतो. कॅनडातील कॅडेक्स कंपनीच्या ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या माहितीस्थळाने दिलेले अंदाज असे आहेत:

| साठवणीचे तापमान | ४० टक्के भारावर ठेवल्यास एका वर्षानंतर उरणारी क्षमता | १०० टक्के भारावर ठेवल्यास एका वर्षानंतर उरणारी क्षमता |
|---|---|---|
| ० अंश सेल्सिअस | ९८ टक्के | ९४ टक्के |
| २५ अंश सेल्सिअस | ९६ टक्के | ८० टक्के |
| ४० अंश सेल्सिअस | ८५ टक्के | ६५ टक्के |
| ६० अंश सेल्सिअस | ७५ टक्के | ६० टक्के (तीन महिन्यांतच) |

उष्णता आणि पूर्ण भार ही दोन्ही कारणे एकत्र आली की ऱ्हास सर्वाधिक होतो, हे या कोष्टकावरून दिसते.

## उष्ण हवामान: नागपूरचे उदाहरण

नागपूर समुद्रापासून दूर, भारतीय द्वीपकल्पाच्या मध्यभागी वसलेले आहे. मे महिन्यात शहराचे सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे असते. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. मेच्या अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या उष्ण काळाला विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात.

आयफोन वापरताना सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंशांच्या दरम्यान असावे, असे ॲपल कंपनी सांगते. लिथियम-आयन घट चार्ज करण्याची सर्वसाधारण मर्यादा ० ते ४५ अंश मानली जाते. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी सावलीतील हवाच यातील पहिली मर्यादा ओलांडते. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीच्या आतील तापमान बाहेरच्या तापमानापेक्षा सुमारे २० अंशांनी वाढू शकते. अशा मोटारीत राहिलेला फोन कोष्टकातील शेवटच्या ओळीच्या स्थितीत पोहोचतो. दुचाकीच्या हँडलवर लावलेला फोन थेट उन्हात असतो, त्याचा पडदा पूर्ण प्रकाशमान असतो आणि स्थाननिर्देशन सतत चालू असते. वस्तू घरपोच पोहोचविणाऱ्या कामगारांच्या फोनची बॅटरी यामुळे लवकर क्षीण होऊ शकते.

हिवाळ्यातील स्थिती वेगळी आहे. गोठणबिंदूखालील तापमानात चार्ज केल्यास ऋण अग्रावर धातुरूप लिथियम साचते व घट धोकादायक बनतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी नोंदले गेलेले ३.५ अंश हे नीचांकी तापमानही या मर्यादेच्या वर असल्याने येथे हा प्रश्न उद्भवत नाही.

## उपयुक्त उपाय

### ऱ्हास मंदावणे

* दैनंदिन वापरात भार सुमारे २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे. अनेक फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते.
* उन्हाळ्यात दुपारऐवजी पहाटे किंवा रात्री उशिरा चार्ज करणे.
* चार्जिंगच्या वेळी जाड आवरण काढणे आणि फोन उशीखाली किंवा गादीवर न ठेवता फरशीवर अथवा पंख्याच्या वाऱ्यात ठेवणे. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांच्या कूलरसमोर ठेवल्यास फोनवर पाण्याचे तुषार येणार नाहीत हे पाहावे लागते.
* चार्जिंग चालू असताना खेळ किंवा चित्रीकरण टाळणे.
* वापरात नसलेला फोन सुमारे ५० टक्के भारावर बंद करून थंड जागी ठेवणे.

### वापर कमी करणे

पडद्याची प्रखरता कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. ओएलईडी पडद्यावर काळा भाग वीज घेत नाही, म्हणून गडद रंगसंगतीचा उपयोग होतो. एलसीडी पडद्यावर तिचा लाभ नगण्य असतो. क्षीण संदेश असलेल्या भागात फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. तेथे विमान स्थिती किंवा वाय-फाय वापरल्याने बचत होते.

### बॅटरी बदलणे

क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलणे हाच निश्चित उपाय होय. नागपुरात सीताबर्डी परिसरात मोबाइल विक्रीची व दुरुस्तीची अनेक दुकाने आहेत. भारतात मोबाइलच्या बॅटऱ्या अनिवार्य नोंदणी योजनेखाली येतात. त्यांच्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असणे आवश्यक असते.

## बाह्य ऊर्जासाठा

### पॉवर बँक

पॉवर बँकेवर छापलेली क्षमता आतील घटांची, म्हणजे ३.७ व्होल्टची असते. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास ऊर्जा असते. ५ व्होल्टला ती ७,४०० मिलिअँपिअर-तास भरते आणि रूपांतरातील १० ते १५ टक्के व्यय वजा जाता सुमारे ६,३०० ते ६,६०० मिलिअँपिअर-तास मिळतात. विमानप्रवासात पॉवर बँक हातातील सामानातच न्यावी लागते. १०० वॅट-तासांहून मोठ्या पॉवर बँकेसाठी विमान कंपनीची परवानगी लागते.

### घरी बनविलेली पॉवर बँक

इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी व छंदिष्ट जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० आकाराचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे घट काढून पॉवर बँक बनवितात. निकामी ठरलेल्या संचात अनेकदा एखादाच घट बिघडलेला असतो. चार्जिंगसाठी टीपी४०५६ ही चकती असलेले मंडल वापरतात. ते ४.२ व्होल्टला चार्जिंग थांबविते. घटाचे विभवांतर ५ व्होल्टपर्यंत वाढविण्यासाठी वेगळे मंडल जोडले जाते.

समांतर जोडावयाच्या घटांचे विभवांतर आधी समान करावे लागते. अन्यथा एका घटातून दुसऱ्यात मोठा प्रवाह वाहतो. थेट घटावर डाग देऊन जोडणी केल्यास उष्णतेने आतील भागाला इजा होते, म्हणून निकेलच्या पट्ट्या बिंदू-जोडकामाने बसविल्या जातात. अतिप्रवाह व अतिविसर्जन रोखणारे संरक्षक मंडल अत्यावश्यक असते. या आकाराच्या प्रचलित घटांची क्षमता साधारणतः २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. त्यावर ९,९०० असा आकडा छापलेला असल्यास तो खोटा समजावा.

### फोनमध्ये दुसरा घट जोडणे

मूळ बॅटरीला समांतर दुसरी बॅटरी जोडल्यास क्षमतेची बेरीज होते. तरीही हा प्रकार असुरक्षित आहे. फोनमधील मोजणी-मंडल मूळ क्षमतेनुसार बनविलेले असल्याने ते चुकीची टक्केवारी दाखविते. बंदिस्त फोनमध्ये फुगणाऱ्या घटासाठी जागाही नसते.

## गैरसमज

* शीतकपाटात ठेवल्याने बॅटरी ‘ताजी’ होते: थंडीमुळे रासायनिक ऱ्हास मंदावतो, परंतु गेलेली क्षमता परत येत नाही. फोन बाहेर काढल्यावर आत बाष्प साचून बिघाड होऊ शकतो.
* नव्या फोनला प्रथम आठ तास चार्ज करावे: हा नियम निकेल बॅटऱ्यांच्या काळातील आहे.
* पूर्ण संपवून पूर्ण भरल्याने क्षमता वाढते: यामुळे केवळ टक्केवारीची मोजणी अचूक होऊ शकते.
* ९ व्होल्टच्या बॅटरीने ‘धक्का’ दिल्यास मृत बॅटरी सुरू होते: अतिविसर्जित घटात तांबे विरघळून पुन्हा साचलेले असू शकते. अशा घटात अनियंत्रित प्रवाह सोडल्यास आतल्या आत लघुपरिपथन होऊ शकते.

## सुरक्षितता

धन व ऋण अग्रांना वेगळे ठेवणारे प्लॅस्टिकचे पटल सुमारे १३० अंशांना वितळू लागते. त्यानंतर अग्रे परस्परांना भिडून घट स्वतःच तापत जातो व पेट घेतो. २०१६ मध्ये बॅटरीतील दोषांमुळे सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ हा फोन परत मागविला व त्याचे उत्पादन थांबविले.

फुगलेली बॅटरी टोचणे, दाबणे किंवा पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते. अशी बॅटरी अज्वलनशील पृष्ठभागावर, शक्यतो घराबाहेर ठेवतात. आग लागल्यास आधी वीजपुरवठा तोडून नंतर भरपूर पाण्याने घट थंड केला जातो. धुरात विषारी हायड्रोजन फ्लोराइड असू शकते.

## विल्हेवाट

भारतात २००१ च्या नियमांच्या जागी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू झाले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांचे संकलन व पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तर ग्राहकाने त्या अन्य कचऱ्यात न मिसळता संकलनासाठी द्यावयाच्या असतात. घंटागाडीतील कचऱ्यात टाकलेली बॅटरी दाबली जाऊन पेट घेऊ शकते.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीत वापरकर्त्याला सहज काढता येतील अशा बॅटऱ्यांची तरतूद असून ती फेब्रुवारी २०२७ पासून लागू होते. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले.

## हेही पाहा

* लिथियम-आयन बॅटरी
* विद्युतघट
* ई-कचरा
* भारतीय मानक ब्यूरो
* नागपूर