रोस : हळदीशिवायची हळद

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सावंतवाडी-मालवणकडच्या ख्रिस्ती घरांत रोस होतो. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ खवून त्याचा पहिला घट्ट रस काढतात. नवरीला तिच्या घरी, नवऱ्याला त्याच्या घरी बसवतात. वडीलधारे तेलाच्या बोटाने कपाळावर क्रूस काढतात, अंगाला रस लावतात. मागोमाग नातलग आणि शेजारी. मग आंघोळ. शेजारच्या हिंदू घरात हळद लागते ती अशीच. इथे हळद तेवढी नाही.

ती का गेली, याचा माग कागदात लागतो. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, आले. त्याच्या १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतल्या जुन्या रीती एकेक करून मोजल्या आणि मना केल्या. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात ते छापले. अंगणातली तुळस, पुरुषांचे धोतर, लग्नातली पान-फुले त्यात आहेत. वधूवरांना हळद, दूध, खोबरेल तेल आणि तांदळाचे पीठ लावू नये, असेही त्यात बजावले आहे.

म्हणजे बंदी दोहोंवर होती, नारळावर आणि हळदीवर. तरी नारळ टिकला. मला वाटते, कारण साधे आहे. हळदीचा रंग दुसऱ्या दिवशी चर्चमध्येही अंगावर दिसला असता. रस आंघोळीबरोबर निघून जायचा. शिवाय शरीर धुऊन नव्या संसाराला सिद्ध होणे, हा अर्थ पाद्र्यांनाही खटकण्याजोगा नव्हता. आयर्लंडमध्येही मयताच्या रात्रीच्या खेळांवर बिशपांनी वारंवार बंदी घातली. जागरण मात्र रोझरीच्या प्रार्थनेसह चालू राहिले.

हे फर्मान गोव्याचे. पण तेव्हा गोव्यातल्या बारदेशच्या उत्तरेला शापोरा नदी ओलांडली की सावंत-भोसल्यांचा मुलूख लागे. इन्क्विझिशनचा जाच, कर, लढाया यांना कंटाळून ख्रिस्ती कुटुंबे नदीपलीकडे आली. आजच्या सिंधुदुर्गातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांचे मूळ गोव्यातच आहे. २००५ साली त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सावंतवाडीचे मिलाग्रिस चर्च त्याचे कॅथेड्रल.

सावंतांच्या राज्यात हळद लावायला इन्क्विझिशनचा धाक नव्हता. १८१२ साली तर ते गोव्यातूनही उठले. तरी रोसाच्या जागी हळद परतली नाही. धाकापोटी धरलेली रीत असती, तर धाक सरताच सुटली असती. तोवर नारळाचा रस आणि क्रूस मिळून ती या लोकांची स्वतःची झाली होती.