मौलाना आझादांचा बिनदुधाचा चहा

आमच्या घरी चहा म्हणजे दूध, साखर, आलं आणि भरपूर उकळी. बशीत ओतून फुरके मारणाऱ्यांत मीही आहे. त्यामुळे ‘गुबार-ए-खातिर’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा रागच आला. मौलाना अबुल कलाम आझाद आपल्या या चहाला चहा मानायलाच तयार नव्हते!

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत अटक झाली आणि काँग्रेसच्या इतर नेत्यांसोबत मौलानांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. तिथं त्यांनी मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रं लिहिली. कैदेतून ती पाठवता आली नाहीत; १९४६ साली त्यांचं पुस्तक झालं. त्यात चहावर भरभरून लिहिलंय. आवडता चहा चिनी, ‘व्हाइट जास्मिन’. दूध वर्ज्य. पहाटे सगळे झोपेत असताना स्वतःच्या हातानं करायचा आणि घोट घोट प्यायचा. चहात दूध घालण्याची खोड इंग्रजांची, ही त्यांची तक्रार.

एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलैखा बेगम कोलकात्यात वारल्या. मौलाना किल्ल्यातच होते. हे वाचलं आणि माझा राग विरघळला. घर, माणसं, काम, सगळं सरकारनं हिरावलं होतं. पहाटेचा तो पेला तेवढा त्यांच्या मर्जीचा होता.

मी दूध सोडलेलं नाही. पण फजरनंतरचा पहिला कप आता मोबाईल बाजूला ठेवून, सावकाश पितो.