आणा गेला, आणेवारी राहिली

"याची पावली कम आहे रे!" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुणाबद्दल तरी ऐकलंय. म्हणणाऱ्याने पावली पाहिलेली नसते, ऐकणाऱ्यानेही नाही. पावली म्हणजे चार आणे, रुपयाचा पाव हिस्सा. पुरता शहाणा माणूस म्हणजे एक रुपया; याच्या डोक्यात बाराच आणे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत अशी मेलेली नाणी खच्चून भरली आहेत. त्यातली काही नुसती किंमत काढायला वापरतात : फुटकी कवडी, दीडदमडीचा माणूस, पैशाला पासरी. पण आण्याचं काम वेगळं आहे. आणा माप सांगतो. गोष्ट "सोळा आणे खरी" असते, म्हणजे आजच्या भाषेत शंभर टक्के. टक्केवारी तोंडात बसण्याआधी लोक अपूर्णांक मोजायचे ते आण्यांत.

आणि ही पद्धत, आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या दृष्टीने, फार सुंदर होती. रुपयाचं निम्मं अधेली, तिचं निम्मं पावली, तिचं चवली, तिचा आणा, त्याचं निम्मं ढब्बू पैसा आणि त्याचं निम्मं साधा पैसा. सहा वेळा निम्मं केलं की झाले ६४ पैसे. चक्क बायनरी! (एका पैशाच्या तीन पै करून पुढे कुणीतरी खेळ बिघडवला, ते सोडा.) निम्मं, निम्म्याचं निम्मं... हे डोळ्यांनी ठरवता येतं. बांधावर उभं राहून "यंदा आठ आणे पीक आहे" असं कुणीही सांगू शकतो.

इथेच गोष्ट गंमतीची राहत नाही.

पिकाचा हा बोलीतला अंदाज इंग्रजांच्या महसूल खात्याने उचलला आणि त्याची झाली आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. १९१८ चा खेडा सत्याग्रह आपण शाळेत शिकलो, पण भांडण कशावरून होतं? आण्यांवरून! पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीची सारावसुली थांबवायची, असा नियम होता. शेतकरी म्हणत होते चार आण्यांच्या आत आहे, सरकार म्हणत होतं जास्त आहे. गांधीजी आणि वल्लभभाई उतरले ते या हिशोबावर.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणा गेला. आणेवारीची सरकारी कागदावर पैसेवारी झाली. पण आमच्या वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात गेलात तर प्रश्न अजून तोच : "आनेवारी किती लागली?" कपाशी-सोयाबीनवाल्या माणसासाठी हा साधा प्रश्न नाही. पैसेवारी ५० च्या आत आली तर सारा, कर्जवसुली, पंपाचं वीजबिल, पोरांची परीक्षा फी यांत सवलतीचं दार उघडतं. ५० च्या वर गेली की दार बंद.

५० पैसे म्हणजे पुन्हा आठ आणेच. फरक इतकाच की आठ आणे डोळ्यांना दिसतात. ४७ की ५२ हे कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी शेताचा ठरावीक तुकडा आखून, पीक कापून, वजन करून प्रमाण उत्पन्नाशी तुलना करतात. याच जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पिकांचं भाकीत होतं, तिथे "मोघम" म्हणून चालतं. तहसीलला आकडा लागतो. नजरअंदाज, मग सुधारित, मग ३१ डिसेंबरला अंतिम. मधल्या दोन-चार पैशांत गावाचं वर्ष अडकलेलं असतं.

२०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाला दिसणारी हिरवाई असे नवे निकष आणले. २०२३ मध्ये त्यांवर राज्यातले ४० तालुके दुष्काळी ठरले, त्यांत बुलढाणा आणि लोणारही होते. पण पैसेवारी अजून निघतेच, आणि गाव तिचीच वाट पाहतं. याला आमच्याकडे लेगसी कोड म्हणतात. कुणी लिहिला ते आठवत नाही, काढून टाकायची हिंमत होत नाही, आणि सगळं त्यावरच चालतं.

२०११ च्या जूनअखेर चार आणेही चलनातून गेले. ५० पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं. पण पुण्यात दुकानदाराला देऊन बघा, तो तुमची पावली कम आहे असं समजेल. बुलढाण्यात मात्र त्याच आठ आण्यांच्या अलीकडे दुष्काळ असतो, आणि पलीकडे कागदावरचा सुकाळ.