सावलीवरून पारख

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, सेनापती, तह आणि लढाया उभ्या राहतात. परंतु इतिहासाची काही पाने रणांगणापासून दूर, टेबलावर, भिंगाखाली लिहिली गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातील असेच एक पान आज आम्ही वाचकांपुढे उलगडीत आहोत. शत्रूने जगापासून लपवून ठेवलेली, ज्यांचे मोजके नमुनेच तयार झाले होते अशी विमाने केवळ छायाचित्रांवरून कशी ओळखली गेली, त्याची ही हकीकत आहे.

धर्मगुरूचा आणि युद्धविमानांचा काय संबंध, असे कुणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. धर्मग्रामातील एखाद्या घरी वडीलधारे माणूस प्रभूघरी गेले, की काही दिवसांनी एक जुना आल्बम आमच्यापुढे ठेवला जातो. ‘फादर, ह्या कोण असाव्यात?’ असा प्रश्न येतो. चेहरा पुसट झालेला असतो. मग लुगड्याची नेसण, उभे राहण्याची लकब, मागची विहीर, दारातले झाड अशा खुणांवरून आम्ही सारे मिळून शोध घेतो. कधी ओळख पटते, कधी घाईने चुकीचे नाव चिकटविले जाते. हाच उद्योग एका पिढीने युद्धकाळात केला. फरक इतकाच, की तेथे चूक झाली तर तिची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागे.

नसलेले विमान

आधी एका चुकीची गोष्ट सांगतो. जर्मनीतील हाइन्केल कारखान्याने ‘हाइन्केल १००’ नावाचे अतिशय वेगवान लढाऊ विमान बनविले होते. ३० मार्च १९३९ रोजी त्याच्या एका नमुन्याने ताशी ७४६ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. तरीही जर्मन हवाईदलाने ते स्वीकारले नाही. थोडीशी विमाने बनली आणि काम थांबले.

मात्र प्रचारखात्याने या मूठभर विमानांचा वेगळाच उपयोग केला. त्यांच्यावर निरनिराळ्या काल्पनिक तुकड्यांची चिन्हे रंगविली, पुन्हा पुन्हा छायाचित्रे काढली आणि ‘हाइन्केल ११३’ हे नवे लढाऊ विमान सेवेत दाखल झाले असा गाजावाजा केला. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांनी या विमानाशी गाठ पडल्याचे अहवाल दिले. वास्तविक ते विमान कोणत्याही लढाईत उतरलेच नव्हते. वैमानिकांना दिसली ती नेहमीचीच मेसरश्मिट १०९ विमाने. हे वैमानिक खोटारडे नव्हते. त्यांच्या मनात नाव आधी शिरले होते आणि डोळ्यांनी नंतर त्याला दुजोरा दिला.

टेम्सच्या काठचा वाडा

या घाईवरचा उतारा इंग्लंडमध्येच तयार होत होता. बकिंगहॅमशायर परगण्यात टेम्स नदीच्या काठी मेडमेनहॅम नावाचे गाव आहे. तेथील डेन्सफील्ड हाउस या वाड्यात १९४१ पासून हवाई छायाचित्रे वाचण्याचे मध्यवर्ती केंद्र चालत असे. येथे अनेक स्त्रियाही काम करीत. त्यांतील एक म्हणजे कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ. त्यांचा जन्म १९१२ चा. युद्धापूर्वी त्या ‘दि एरोप्लेन’ या नियतकालिकात विमानांविषयी लिहीत असत. पुढे त्या स्त्रियांच्या हवाई साहाय्यक दलात दाखल झाल्या आणि मेडमेनहॅमला केवळ शत्रूच्या विमानांचा अभ्यास करणारा विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला.

छायाचित्रे आणण्याचे काम स्पिटफायर आणि मॉस्किटो जातीची विमाने करीत. टेहळणीच्या स्पिटफायरमधील बंदुका काढून त्या जागी कॅमेरे व जादा इंधन भरलेले असे. आकाशात मिसळून जावे म्हणून विमानाला निळा रंग दिलेला असे. वैमानिक तीस हजार फुटांवरून एकटाच जाई व एकटाच परत येई. उंची आणि वेग एवढेच त्याचे संरक्षण.

प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्रातील निम्म्याहून अधिक भाग पुन्हा येईल अशा बेताने ती काढली जात. अशी दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोप नावाच्या साध्या उपकरणाखाली शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे एक डोळा एक चित्र पाहतो व दुसरा डोळा दुसरे. मग सपाट कागदावरून इमारती, झाडे, चिमण्या एकदम उठून उभ्या राहतात.

पुढचे काम मोजमापाचे. छत्तीस इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने तीस हजार फुटांवरून काढलेल्या छायाचित्रात प्रत्येक वस्तू दहा हजार पटींनी लहान उमटते. तीस फूट पंखविस्ताराचे विमान त्यावर एक मिलिमीटरही भरत नाही. तेवढ्या ठिपक्यात पंखांचा आकार पाहायचा, शेपटी आहे की नाही ते पाहायचे. वरून पाहताना विमानाची उंची व शेपटीवरील उभा पडदा नीट कळत नाही. तो कळतो जमिनीवर पडलेल्या सावलीवरून. जेट आणि रॉकेट विमानांच्या झोताने धावपट्टीलगत उमटलेले काळपट पट्टेही बोलके ठरत.

अनोळखी विमान सापडले की त्याला घाईने कारखान्याचे नाव द्यायचे नाही, असा तेथे दंडक होता. ते जेथे दिसले त्या ठिकाणाचे नाव आणि पुढे पंखांचा विस्तार फुटांमध्ये, एवढेच टिपायचे. डोळ्यांना जेवढे दिसले तेवढेच कागदावर. ‘हाइन्केल ११३’ च्या प्रकरणाला याहून चांगले उत्तर आम्हाला सुचत नाही.

पेनेमुंडे ३० आणि पेनेमुंडे २०

बाल्टिक समुद्रातील उझडोम बेटाच्या टोकाला पेनेमुंडे हे जर्मन शस्त्रसंशोधनाचे गुप्त केंद्र होते. १५ मे १९४२ रोजी एका टेहळणी वैमानिकाने वाटेत सहज त्याची छायाचित्रे घेतली. त्यांत मातीचे मोठे गोलाकार बांध दिसले. कुणाला अर्थ लागला नाही आणि छायाचित्रे कपाटात गेली. वर्षभराने जर्मन रॉकेटांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा शोधाला वेग आला. त्या बातम्यांचा एक स्रोत म्हणजे लक्झेंबर्ग, पोलंड अशा देशांतून सक्तीने तेथे नेलेले मजूर. त्यांनी पाहिलेले व ऐकलेले चोरट्या वाटांनी बाहेर येत होते.

२३ जून १९४३ रोजी काढलेली छायाचित्रे विशेष स्पष्ट निघाली. त्यांत रॉकेटे दिसलीच, शिवाय विमानतळावर चार चिमुकली, मागच्या आडव्या शेपटीविना असलेली विमाने उभी होती. बॅबिंग्टन स्मिथ यांनी मोजमाप केले आणि नोंद झाली, ‘पेनेमुंडे ३०’. हे होते मेसरश्मिट १६३, रॉकेटवर उडणारे लढाऊ विमान. याच जातीच्या एका नमुन्याने २ ऑक्टोबर १९४१ रोजी, हाइनी डिटमार चालवीत असताना, ताशी एक हजार किलोमीटरचा वेग ओलांडला होता. पण तो विक्रम जर्मनीने गुप्त ठेवला होता. या विमानाच्या पंखांचा खरा विस्तार साडेतीस फुटांच्या जवळपास होता. छायाचित्रावरून धरलेल्या अंदाजात फूटभराचीही चूक नव्हती.

नोव्हेंबर महिन्यात त्यांना नवी सूचना मिळाली: नेहमीच्या लढाऊ विमानाहून लहान, बहुधा वैमानिकाविना उडणारे एखादे विमान दिसते का ते पाहावे. त्यांनी जूनचीच छायाचित्रे पुन्हा बाहेर काढली. विमानांच्या शेडांमागे, एका कुंपणाच्या कोपऱ्यात, क्रुसाच्या आकाराची एक इवलीशी वस्तू होती. पंख सुमारे वीस फूट. नाव पडले ‘पेनेमुंडे २०’. पाच महिने ती त्याच कागदावर होती आणि कुणाच्याही नजरेत भरली नव्हती.

२८ नोव्हेंबरला एक मॉस्किटो विमान बर्लिनची छायाचित्रे घेण्यास निघाले. बर्लिनवर दाट ढग होते, म्हणून वैमानिक बाल्टिककडे वळला आणि पेनेमुंडेची नवी छायाचित्रे घेऊन आला. १ डिसेंबरला ती पाहताना बॅबिंग्टन स्मिथ यांची नजर विमानतळाची हद्द ओलांडून समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेली. तेथे समुद्राकडे तोंड करून चढत जाणारी काही बांधकामे होती. गाळ उपसण्याच्या कामाचाच तो भाग असावा, असे आधी मानले गेले होते. आता त्यांतील एका चढणीवर तोच चिमुकला क्रूस बसलेला दिसला. वैमानिकाविना उडणाऱ्या बाँबची, म्हणजेच व्ही-१ ची ओळख पटली. उत्तर फ्रान्सच्या रानांत नुकत्याच सापडलेल्या अनाकलनीय बांधकामांचा अर्थही त्याच क्षणी उलगडला. तेथील चढणीही अशाच होत्या, आणि त्यांचा रोख लंडनकडे होता.

डिसेंबरपासून या केंद्रांवर बाँबहल्ले सुरू झाले व जर्मनांना ती बहुतेक सोडून द्यावी लागली. नव्या, साध्या केंद्रांवरून पहिला व्ही-१ लंडनवर पडला तो १३ जून १९४४ रोजी, दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरल्यानंतर आठवड्याने. तरीही या अस्त्राने इंग्लंडमध्ये सहा हजारांहून अधिक माणसे मारली. वेळीच ओळख पटली नसती तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

नामकरणाची ही रीत युद्धानंतरही वेगळ्या स्वरूपात चालू राहिली. १९७० च्या दशकात अमेरिकन उपग्रहांना मॉस्कोजवळच्या रामेन्स्कोये येथील तळावर अनोळखी सोव्हिएत विमाने दिसली. त्यांना स्थळावरून ‘राम-के’, ‘राम-एल’ अशी तात्पुरती नावे दिली गेली. पुढे ती सुखोई-२७ आणि मिग-२९ म्हणून जगाला कळली. मिग-२९ विमाने १९८७ साली भारतीय हवाईदलात आली, तेव्हा त्यांचा पहिला तळ होता आपल्या पुण्याचे लोहगाव. आणि सुखोई-२७ च्याच वंशातील सुखोई-३० विमाने नाशिकजवळ ओझरला बांधली गेली. उपग्रहाच्या छायाचित्रातला एक निनावी ठिपका पुढे आपल्या डोक्यावरून गर्जत गेला.

ज्यांची सावली दिसली नाही

येथे थांबलो असतो तर ही कथा केवळ बुद्धीच्या विजयाची ठरली असती. पण एक रात्र सांगितल्यावाचून ती पुरी होत नाही.

जूनच्या छायाचित्रांत रॉकेटे दिसल्यावर पेनेमुंडे नष्ट करण्याचे ठरले. १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ५९६ ब्रिटिश बाँबफेकी विमाने निघाली. त्यांतील ४० परत आली नाहीत. पुढे जाणाऱ्या विमानांनी लक्ष्य दाखविण्यासाठी दिवे टाकले, परंतु त्यांतील पहिले काही सुमारे तीन किलोमीटर दक्षिणेला पडले. तेथे ट्रासेनहाइड नावाची छावणी होती. सक्तीने आणलेले परदेशी मजूर तेथील लाकडी बराकींत झोपले होते. पाचशे ते सहाशे मजूर त्या रात्री मेले, त्यांत पोलिश बरेच होते. ज्यांच्यामधून पेनेमुंडेच्या बातम्या बाहेर पडल्या, त्याच मजुरांवर बाँब कोसळले. त्यानंतर रॉकेटांचे उत्पादन जर्मनीतील नोर्डहाउझेनजवळच्या भुयारांत हलविण्यात आले आणि तेथल्या मिटेलबाउ-डोरा छळछावणीने हजारो कैद्यांचा बळी घेतला.

या संदर्भात एका धर्मगुरूचे स्मरण करणे आम्ही कर्तव्य समजतो. व्हिएन्नाचे फादर हाइनरिख मायर व त्यांचे सहकारी रॉकेटांची व शस्त्रकारखान्यांची माहिती दोस्त राष्ट्रांना पुरवीत होते. बाँब कारखान्यांवर पडले तर युद्ध लवकर संपेल आणि नागरी वस्त्या वाचतील, ही त्यांची भूमिका होती. मार्च १९४४ मध्ये त्यांना अटक झाली आणि २२ मार्च १९४५ रोजी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. तीन आठवड्यांत व्हिएन्ना मुक्त झाले.

मेडमेनहॅमच्या त्या स्त्रीपुरुषांनी मिलिमीटरभर ठिपक्यातून विमान ओळखले, हे त्यांचे श्रेय कुणी हिरावून घेऊ शकत नाही. परंतु बराकीत झोपलेल्या माणसाची सावली छायाचित्रावर पडत नाही. त्याला ओळखण्याचे भिंग निराळे असते, आणि ते प्रत्येक काळात हाताशी ठेवावे लागते.

जाता जाता वाचक कुटुंबांना एक विनंती. घरी गेल्यावर जुना आल्बम उघडा. ज्यांना चेहरे ओळखता येतात अशी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसा, शांतपणे विचारा आणि प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहा. जेथे खात्री नसेल तेथे अंदाजाने नाव लिहू नका. जेवढे दिसते तेवढेच लिहा आणि जागा मोकळी सोडा. पुढे कुणीतरी भिंग घेऊन येईल.